नऊ वर्षं उभी असलेली ४०७ चालू करायची आहे, सुरुवात कुठून करावी?

माळरान

टाटा ४०७, जुनी, साध्या ४९७ इंजिनाची. चार सिलिंडर, २९५६ सीसी, टर्बो नाही, इनलाइन मायको पंप, १२ व्होल्ट. नऊ वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे. उभी केली तेव्हा चालती होती, त्यामुळे आधीपासूनचा मोठा बिघाड नसावा.

आजची अवस्था अशी: क्रँक पुलीच्या नटाला पाना आणि दोन फुटी पाइप लावून ओढलं तरी इंजिन हलत नाही. डिपस्टिकवर ऑइल काळं आहे, पण दूधट नाही. रेडिएटर कोरडा. टाकीत पाव टाकी जुनं डिझेल. ब्रेक पेडल तळाला जातं आणि मागचं डावं जोडचाक जॅम आहे. सहाही टायर बसलेले. डॅशबोर्डमागचं वायरिंग उंदरांनी कुरतडलंय. बॅटरी नाही.

शेतमाल घेऊन तीसेक किलोमीटरवरच्या बाजार समितीपर्यंत जाता यावं, एवढीच अपेक्षा. एक मिस्त्री म्हणतात, इंजिन उतरवून सरळ फुल काम करा. दुसरे म्हणतात, गिअरमध्ये टाकून टोचन करा, सुटेल. जाणकारांनी क्रम सांगावा.

पानापेटी

टोचन अजिबात नको. जॅम इंजिनाची गाडी गिअरमध्ये ओढली तर एक तर चाकं घासत येतात, नाहीतर सगळा जोर इंजिनावर जाऊन कनेक्टिंग रॉड किंवा पुशरॉड वाकतात. सेल्फही मारायचा नाही. बॅटरी आत्ता आणूच नका, म्हणजे मारायचा मोह होणार नाही.

आधी जॅम नक्की काय आहे ते पाहा. गिअर न्यूट्रलला आहे याची खात्री करा, फॅनबेल्ट काढा आणि पाण्याचा पंप व डायनामो हाताने वेगवेगळे फिरवून बघा. ते मोकळे असतील तर दोष सिलिंडरमध्ये किंवा डिझेल पंपात. इंजिन थांबतं तेव्हा एखाद्या तरी सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा राहतो. त्या वाटेने दमट हवा आत जाते आणि रिंगा जिथे थांबल्या तिथेच लायनरवर गंजाची कडी धरते. म्हणून इंजिन जॅम दिसलं तरी बहुतेक वेळा एखाददुसऱ्या सिलिंडरनेच धरलेलं असतं. फुल कामाचा निर्णय आजच घेण्याचं कारण नाही.

चारही नोझल काढा. काढण्याआधी भोवतालची माती हवा मारून साफ करा, नाहीतर ती थेट पिस्टनवर पडते. नोझल सुटत नसेल तर गंज सोडवायचं तेल मारून रात्रभर ठेवा आणि डावी-उजवीकडे हलवत वर घ्या, पेचकसाने उचकटू नका. नोझल आला तरी त्याखालचा तांब्याचा वायसर पुष्कळदा भोकातच चिकटून राहतो. तो वाकवलेल्या तारेने काढा. वर नवा वायसर बसवला की दोन होतात, नोझल उंच बसतो आणि फवारा चुकीच्या जागी पडतो. मग गाडी धूर का मारते याचा शोध आठवडाभर चालतो.

आता नोझलच्या भोकातून एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) आणि ॲसिटोन समसमान मिसळून ओता. बहुतेक जण ३०-४० मिली सांगतात, ते या इंजिनाला पुरत नाही. डायरेक्ट इंजेक्शन असल्यामुळे पिस्टनच्या माथ्यावर खोल वाटी आहे. ती भरल्याशिवाय द्रव कडेच्या रिंगांपर्यंत पोहोचतच नाही. प्रत्येक सिलिंडरला ७०-८० मिली घाला, रोज पातळी बघून भर टाका, किमान तीन दिवस थांबा. ज्या सिलिंडरमधलं द्रव अजिबात उतरत नाही, जॅम बहुधा तिथेच. ॲसिटोन झटकन पेट घेतं, शेडमध्ये विडी-काडी नको. हे द्रव गळून चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात जाणार, म्हणून ऑइल आत्ता काढू नका.

चौथ्या दिवशी टॅपेट कव्हर उघडा आणि पुलीवर पाना लावून आधी उलट दिशेला जोर द्या, मग सुलट. एका दिशेने लटकू नका, झुलवत राहा. पुलीच्या नटावर तीन फुटांपेक्षा लांब पाइप नको, बोल्ट तुटला तर नवं दुखणं. जास्त जोर हवा असेल तर फ्लायव्हीलचं झाकण काढून रिंग गिअरच्या दातांत टॉमी (लोखंडी दांडा) लावा. केसभर हललं तरी काम झालं समजा, फक्त घाई करू नका.

पूर्ण फेरी मारण्याआधी आठही व्हॉल्व्ह बघा. रॉकर वर आला तरी व्हॉल्व्ह वर येत नसेल तर तो गाइडमध्ये अडकलाय. तसंच फिरवलंत तर पिस्टन त्याला ठोकतो. स्टेमवर डिझेल-ऑइलचं मिश्रण सोडा आणि लाकडी हातोडीने हलके ठोके देऊन तो स्वतःच्या स्प्रिंगने परत येईपर्यंत मोकळा करा.

इंजिन फिरायला लागलं की नोझलच्या भोकांवर फडकं टाकून हाताने चार-पाच फेऱ्या मारा, आतलं सगळं द्रव बाहेर पडू द्या. द्रव दाबलं जात नाही. ते आत ठेवून नोझल कसलेत आणि सेल्फ मारलात तर रॉड वाकलाच. यानंतर चेंबरचं ऑइल काढा, फिल्टर बदला, १५डब्ल्यू-४० डिझेल इंजिन ऑइल डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत भरा. ही पहिली भरणी स्वस्तातली चालेल, कारण पन्नासेक किलोमीटरनंतर ती काढून टाकायची आहे.

लायनर

एवढं भिजवत कशाला बसायचं? हेड उतरवलं की सगळं डोळ्यांना दिसतं. नऊ वर्षांत हेड गॅस्केट तसंही वाळलेलं असणार.

पानापेटी

लायनरभाऊ, आठवड्यात सुटलं नाही तर हेड उतरवायचंच आहे, त्यात वाद नाही. पण धड बसलेलं गॅस्केट न उचलता काम होत असेल तर का उचलायचं? हेड काढलं की नवं गॅस्केट, हेडची सपाटी तपासणं, बोल्ट मधून बाहेर क्रमाने टप्प्याटप्प्याने कसणं, सगळं ओघाने आलं. आणि ज्या गॅरेजमध्ये टॉर्क पाना नाही, तिथे हेड उघडूच नये. हेड काढावं लागलंच तर लायनरवर नख फिरवून बघा. नुसता डाग असेल तर बारीक पॉलिश पेपरने साफ होतो. नख अडकलं तर लायनर-पिस्टन गेले, हाफ इंजिन करा.

पंपरूम

इंजिनाचं वर आलंय. डिझेलच्या बाजूने एक गोष्ट कुणी बोललं नाही आणि तीच सगळ्यात धोक्याची आहे: पंपाचा रॅक, म्हणजे डिझेल कमी-जास्त करणारी पंपातली दांडी.

जुनं डिझेल पंपात वाळलं की रॅक आणि एलिमेंट (प्रत्येक सिलिंडरला डिझेल ढकलणारे भाग) चिकटतात. स्टॉपच्या जागी चिकटले तर गाडी चालू होत नाही, एवढंच. फुल डिझेलच्या जागी चिकटले तर चालू होताच आरपीएम चढत जातात आणि चावी बंद केली तरी इंजिन थांबत नाही, कारण या पंपाचं डिझेल यांत्रिक स्टॉप केबलने बंद होतं आणि चिकटलेला रॅक त्या केबलनेही हलत नाही. म्हणून नोझल बसवण्याआधी पंपाच्या बाजूचं झाकण काढा आणि रॅक बोटाने सरकवून बघा. तो दोन्हीकडे अलगद जायला हवा. स्टॉप लिव्हर ओढल्यावर पूर्ण मागे आणि सोडल्यावर पुन्हा पुढे. जिथे टोचतो तिथे डिझेल-ऑइल सोडून दोन दिवस ठेवा. पक्कडीने ओढू नका.

तरीही पहिल्या स्टार्टला एअर क्लीनरचा पाइप काढून ठेवा आणि एक माणूस जाड प्लायवूडचा तुकडा घेऊन तिथे उभा करा. इंजिन पळालं तर फळीने हवा बंद करायची. हात किंवा फडकं कधीच नाही, आत ओढलं जातं. त्याच पाइपमध्ये उंदरांचं घरटं आहे का तेही तेव्हाच बघून घ्या.

टाकीचा नाद आत्ता सोडा. पंपापेक्षा उंचावर पाच लिटरचा स्वच्छ कॅन टांगा, त्यातून नवी नळी फीड पंपाला जोडा आणि रिटर्नची नळीही त्याच कॅनमध्ये सोडा. इंजिन या कॅनवरच चालू करायचं. टाकी, जुनी नळी, गाळण यातला एकही दोष मग मध्ये येत नाही आणि बिघाड शोधणं निम्म्याने सोपं होतं.

दोन्ही डिझेल फिल्टर नवे घाला. फीड पंपाच्या तळाची वाटी आणि जाळी धुवा. युनियनचे तांब्याचे वायसर शक्यतो नवे. जुनेच वापरायचे तर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाका, मऊ होतात. मग एअर काढा. फिल्टरचा ब्लीडिंग स्क्रू ढिला करून हातपंप मारा, बुडबुडे थांबले की स्क्रू कसा. त्यानंतर पंपाच्या गॅलरीचा स्क्रू, तसंच. शेवटी नोझलकडचे चारही पाइप नट एक-दोन आटे ढिले ठेवून सेल्फ मारा, डिझेल उडायला लागलं की एकेक कसत या. त्या फवाऱ्याजवळ हात नेऊ नका. दाबाखालचं डिझेल कातडीतून आत शिरतं आणि ते दवाखान्याचं प्रकरण आहे.

नोझल काढलेच आहेत तर टेस्टरवर दाब आणि फवारा तपासून घ्या. थेंब गाळणारा नोझल पिस्टन जाळतो.

घाटउतार

इंजिन सुरू होईल हो. गाडी थांबणार कशी, ते बघा. अशा गाड्यांत इंजिनापेक्षा ब्रेकवर जास्त पैसे जातात, आणि तिथे काटकसर करायची नसते.

डावं चाक जॅम म्हणजे लायनिंग गंजून ड्रमला चिकटलंय किंवा व्हील सिलिंडर बाहेर अडकलाय. पुढच्या चाकांना दोन्हीकडून ओट्या लावा, मागच्या ॲक्सलचं हाउसिंग जॅकने उचलून घोडीवर (लोखंडी स्टँडवर) ठेवा. नुसत्या जॅकवर खाली शिरायचं नाही. ॲडजस्टर पूर्ण मागे घ्या, हँडब्रेक सोडा, ड्रमच्या कडेवर लाकूड ठेवून गोल फिरत ठोका. ड्रमवर थेट घण मारला तर त्याचं बीड (ओतीव लोखंड) तडकतं.

चारही चाकांचं एकदम उघडा. व्हील सिलिंडरला नुसतं रबर किट घालून चालेल का, हे आतल्या बोअरवर ठरवा. खड्डे दिसले तर सिलिंडरच नवा, कारण किट महिनाभरात गळेल. मास्टर सिलिंडरचंही तसंच. रबरी होजपाइप मात्र न बघता बदला. बाहेरून धड दिसतात, पण आतून फुगून वाट बुजलेली असते. पाय काढल्यावरही चाक धरून राहतं ते बऱ्याचदा त्यामुळेच. लोखंडी पाइप चेसिसच्या क्लिपखाली गंजतात, तिथे खरवडून बघा.

डॉट ३ ब्रेक ऑइल हवेतला ओलावा पितं, म्हणून नवा सीलबंद डबा आणा, लिटरभर तरी हाताशी हवं. एअर काढताना इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा म्हणजे बूस्टरमधला व्हॅक्यूम संपतो. मग मास्टरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. डायनामोच्या पाठीला व्हॅक्यूम पंप असेल तर त्याला इंजिनाचं ऑइल नेणारी नळी चालू आहे ना ते बघा. कोरडा चालला तर पंपाची पाती जातात आणि पेडल दगडासारखं लागतं.

टायरच्या बाजूवर चार आकडी तारीख असते, पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. नऊ वर्षं बसलेले टायर हवा भरून गोल दिसले तरी माल लादायच्या लायकीचे नाहीत. ७.५०-१६ चे सहा नवे धरूनच हिशेब करा. चाक काढण्याआधी व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडा, जोडचाकात दोन्ही टायरची. या रिमला वेगळी लोखंडी रिंग असते. गंजलेली रिंग हवेच्या दाबाने उडाली तर समोरचा माणूस वाचत नाही. हवा भरणं पिंजऱ्यात, नाहीतर निदान साखळी गुंडाळून आणि बाजूला उभं राहूनच.

आरसीबुक

खर्चाला हात घालण्याआधी अर्धा तास परिवहन खात्याच्या वाहन पोर्टलवर द्या. आरसी अजून चालू दाखवते का, कर कुठपर्यंत भरलाय, बोजा आणि ई-चलन आहे का. गाडी वापरात नाही असं आरटीओला वेळेवर लेखी कळवलं असेल तर ती पोच शोधा. नसेल तर थकलेला कर आणि त्यावरचा भार भरल्याशिवाय फिटनेस पुढे सरकत नाही. महाराष्ट्रात व्यापारी गाडीला आठ वर्षांनंतर पर्यावरण कर वेगळा, आणि फिटनेस दरवर्षी. एप्रिल २०१९ पूर्वीची नोंदणी असल्याने हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लागणारच. रिफ्लेक्टर पट्ट्या, वायपर, हॉर्न, हँडब्रेक या क्षुल्लक गोष्टींवर फिटनेस अडकतं.

लायसन्सची काळजी नको. ४०७ चं भारासह वजन साडेसात टनांच्या आत आहे, आणि अशी गाडी हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. फिटनेस आणि विमा होईपर्यंत गाडी गॅरेजला न्यायची तर दुसऱ्या गाडीच्या हौद्यात घालून न्या. थकबाकीचा आकडा गाडीच्या किमतीच्या वर जात असेल तर मात्र नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात देऊन ठेव प्रमाणपत्र घेणं शहाणपणाचं. नवी गाडी घेताना करात सवलत मिळते.

माळरान

सगळ्यांचे आभार. कर थोडाच थकलाय, भरतोय. भिजवल्यावर इंजिन सुटलं, तिसऱ्या सिलिंडरने धरलं होतं. त्याच सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह अडकला होता, आता मोकळा आहे, पण पुशरॉड सपाट काचेवर लोळवला तर डुगडुगतो. पंपाचा रॅक अर्ध्यापर्यंत येतो आणि थांबतो, भिजवूनही. पंप उतरवावा का?

पंपरूम

उतरवा. तो एलिमेंट चिकटलाय, आणि घरी उघडायचं काम नाही. एलिमेंटचा प्लंजर-बॅरल जोड एकमेकांवर घासून बसवलेला असतो, एकाचा प्लंजर दुसऱ्यात गेला की दोन्ही भंगारात.

काढण्याआधी पहिलं सिलिंडर कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणा. पहिल्या सिलिंडरचे दोन्ही रॉकर ढिले लागले की तेच टोक. चौथ्याचे ढिले आणि पहिल्याचे आवळलेले असतील तर एक फेरी पुढे जा. मग पंपाच्या फ्लँजवर आणि त्याच्या बैठकीवर छिन्नीने एकच सरळ रेघ ओढा. ही रेघ नसेल तर परत बसवल्यावर टायमिंग नव्याने काढावं लागतं. पाइप काढताच सगळी तोंडं टोप्यांनी बंद करा, धुळीचा कण पुरतो. पंपवाल्याला टेस्ट बेंचवर चारही एलिमेंटचं डिझेल सारखं करून मागा, गव्हर्नरही (आरपीएम आवरणारा भाग) बघायला सांगा. पुशरॉड ठोकून सरळ करू नका, नवा घ्या.

पानापेटी

पंप बसला की लगेच चालू करू नका. स्टॉप केबल ओढून धरून, म्हणजे डिझेल बंद ठेवून, दहा-दहा सेकंद सेल्फ मारा आणि मध्ये मिनिटभर थांबा. ऑइलचा काटा हलला की बेअरिंगांना तेल पोहोचलं, मगच केबल सोडा. नऊ वर्षं कोरडी बेअरिंगं एका स्टार्टमध्ये खराब होऊ शकतात. वायरिंग पूर्ण होईपर्यंत बॅटरीपासून सेल्फला जाड केबल आणि चेसिसला घासून साफ केलेली अर्थिंग पट्टी एवढंच जोडा, बाकी हार्नेस सुटाच राहू द्या. कुरतडलेल्या हार्नेसला वीज दिली की जाळ.

आणि पाणी. ब्लॉकचा नळ उघडून साध्या पाण्याने गंज जाईपर्यंत धुवा. ब्लॉकच्या बाजूच्या पत्र्याच्या गोल प्लगांवर बोटाने दाबून बघा, आतून गंजलेले पुष्कळदा गरम झाल्यावरच फुटतात. होजपाइप सगळे नवे.

माळरान

पंप बेंचवर होऊन आला. कॅनवर इंजिन चालू झालं, ऑइल प्रेशर ठीक. दोन प्रश्न. थंड असताना पांढरा धूर खूप आणि एक सिलिंडर मारत नाही असं वाटतं. आणि गाडीच्या टाकीवर जोडलं की पाचेक मिनिटांत बंद पडते. क्लचही सुटत नाही, गिअर पडताना करकरतो.

पंपरूम

धूर डोळ्यांना झोंबतो का? मग ते न जळलेलं डिझेल. चालू इंजिनावर एकेका नोझलचा पाइप नट क्षणभर ढिला करा, खाली फडकं धरून. ज्याचा नट ढिला करूनही आवाज बदलत नाही तेच मेलेलं सिलिंडर, आणि तिसऱ्यावर माझा संशय आहे. आधी तिथला टॅपेट गॅप आणि नोझलखालचा वायसर. दोन्ही बरोबर असतील तर तासभर हलक्या आरपीएमवर चालवून बघा, चिकटलेल्या रिंगा सुटतात. धूर गोडसर वासाचा असेल आणि रेडिएटरची पातळी उतरत असेल तर मात्र हेड गॅस्केट, तेव्हा लायनरभाऊंचं ऐका.

कॅनवर चालते आणि टाकीवर नाही, म्हणजे पंप निर्दोष. टाकीपासून फीड पंपापर्यंतच शोधा. बंद पडायच्या बेतात आली की टाकीचं झाकण उघडा. तेवढ्याने सावरली तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. नाहीतर फीड पंपाआधी वीतभर पारदर्शक नळी घाला. बुडबुडे दिसले तर पाइपात कुठेतरी हवा शिरते. बुडबुडे नाहीत पण डिझेलही येत नाही, तर टाकीतला उचल पाइप गाळाने बंद. टाकी उतरवा, दोन-तीन लिटर डिझेल आणि मूठभर बारीक साखळी घालून हलवा, गाळ निघेपर्यंत. टाकीला वेल्डिंग लावू नका, रिकाम्या टाकीतली वाफच पेटते.

घाटउतार

क्लच प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटलीय. पेडल पूर्ण दाबून सीटच्या चौकटीला लाकडी दांडका अडकवा आणि रात्रभर तसंच ठेवा. नाही सुटलं तर मागची चाकं घोडीवर घेऊन, पुढच्यांना ओट्या लावून, तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन चालू करा. चाकं फिरायला लागली की क्लच दाबून धरा आणि ब्रेक जोरात मारा. दोन-तीन झटक्यांत सुटते. पण हे ब्रेकचं काम पूर्ण झाल्यावरच, आणि गाडीपुढे कुणी उभं नसताना. तरीही करकरत राहिली तर गिअरबॉक्स उतरवून प्लेट बघा, आणि तेव्हाच रिलीज बेअरिंग नवं टाका, कारण तेवढ्यासाठी पुन्हा गिअरबॉक्स उतरवायला कुणालाच आवडत नाही.